क्यू-शिराताकी : एका थांब्याची खरी हकिकत

श्रोतेहो, नमस्कार.

जपानमधल्या एका आडबाजूच्या स्थानकावर केवळ एका शाळकरी मुलीसाठी गाडी थांबते आणि तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत ते स्थानक बंद करायचे नाही असे रेल्वेने ठरवले आहे, ही गोष्ट 2016 च्या जानेवारीत समाजमाध्यमांतून जगभर पसरली. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवरही ती आली असेल. त्या स्थानकाचा इतिहास या गोष्टीहून वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक रंजकही आहे.

स्थानकाचे नाव गोष्टीत कामी-शिराताकी असे दिले होते. ती मुलगी गाडीत चढत असे ती मात्र जवळच्याच क्यू-शिराताकीला. दोन्ही स्थानके होक्काइदो बेटाच्या ईशान्य भागात, एंगारू नगराच्या हद्दीत, सेकिहोकू मार्गावर होती. कामी-शिराताकीला दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक एवढ्याच गाड्या थांबत, म्हणून गोष्ट रंगवणाऱ्याला तेच नाव सोयीचे वाटले असावे.

हा मुलूख तसा उशिरा वसला. आयकिदो या युद्धकलेचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा 1912 साली दक्षिणेकडच्या किशू प्रांतातली कुटुंबे घेऊन शिराताकीच्या जंगलात शेती करायला आले, तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. पुढे डोंगराखालून बोगदा खणला गेला आणि 1932 साली आसाहिकावा शहराकडून येणारा मार्ग एंगारूपर्यंत सलग झाला. क्यू-शिराताकीला मात्र त्यानंतरही पंधराएक वर्षे गाडी थांबत नव्हती. 11 फेब्रुवारी 1947 रोजी तिथे तात्पुरता थांबा मिळाला, आणि हा तात्पुरतेपणा तब्बल चाळीस वर्षे टिकला! 1 एप्रिल 1987 रोजी सरकारी रेल्वेचे विभाजन होऊन जेआर होक्काइदो ही कंपनी उभी राहिली, तेव्हा कुठे या थांब्याला रीतसर स्थानकाचा दर्जा मिळाला.

स्थानक म्हणजे एक फलाट आणि प्रवाशांना बसण्यापुरती लाकडी खोली. एंगारूकडे जाणारी एकच गाडी सकाळी थांबे. ती चुकली की सुमारे 32 किलोमीटरवरच्या शाळेत रेल्वेने पोहोचण्याचा मार्ग उरत नसे. परतीच्या गाड्या मात्र तीन होत्या, म्हणजे शाळा सुटल्यावर थोडे रेंगाळायला मुभा होती.

मग बंद होण्याची तारीख त्या मुलीच्या पदवीदानाशी इतकी जुळली कशी? जपानमध्ये शालेय वर्ष मार्चमध्ये संपते आणि रेल्वेचे नवे वेळापत्रकही बहुधा मार्चमध्येच लागू होते. प्रवासी रोडावल्यामुळे ही स्थानके बंद करण्याचा विचार कंपनीने 2015 सालीच जाहीर केला होता. त्याप्रमाणे 26 मार्च 2016 रोजी नवे वेळापत्रक आले आणि कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी व शिमो-शिराताकी ही तिन्ही स्थानके एकदमच प्रवाशांसाठी बंद झाली. एकाच मुलीसाठी तीन स्थानके राखून ठेवली होती, असे तर कोणी म्हणणार नाही.

शिमो-शिराताकी गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी लागत असल्यामुळे ते सिग्नल-ठाणे म्हणून उरले. बाकीची दोन पुसली गेली. मधले कामी-शिराताकी गेल्यामुळे कामिकावा आणि शिराताकी या लगतच्या दोन स्थानकांतले अंतर आता 37.3 किलोमीटर झाले आहे, आणि बुलेट ट्रेनचे मार्ग वगळता जेआरच्या जाळ्यात एवढा लांब टप्पा दुसरा नाही.