रविवारचे कॅमेरे

(पडदा काळा. शटरचा आवाज: खट्… सर्रर्र… खट्.)

झाला का एक सेकंद? जुन्या कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारं शटर नेमकं एक सेकंदच उघडं राहिलं का, यावर टेबलाभोवती बसलेल्या मंडळींचं एकमत नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका म्हणतात, "सेकंद झाला, वर थोडा चहापाण्याला गेला."

(दृश्य: यशिका मॅट 124 जी, जुना फिल्म कॅमेरा, मागचं झाकण उघडं. समोर मोबाईल धरलेला.)

भांडण मिटवायला मोबाईल आहे. त्यावर सेकंदाला 240 फ्रेम घेणारं स्लो मोशन लावायचं, रिकाम्या कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडं करायचं आणि उघड्या पाठीतून चित्रण करायचं. शटर उघडं असेपर्यंतच्या उजळ फ्रेम मोजायच्या. 240 भरल्या तर सेकंद चोख. पहिल्या खेपेला भरल्या 310. काका हँडल फिरवतात, दाबतात. पुन्हा फिरवतात, पुन्हा दाबतात. मधे कुणीतरी कॉफीचा कप पुढं सरकवतं, तो तसाच गार होतो. बऱ्याच खेपांनंतर आकडा येतो 262.

"सुटलं," काका म्हणतात आणि मग कपाकडं वळतात.

(दृश्य: विश्रामबागेतला रस्ता. बंगल्याचा व्हरांडा. स्टीलच्या ट्रेमध्ये कप.)

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरी रविवारी सकाळी ही बैठक भरते. मंडळात फॉर्म नाही, वर्गणी नाही. जुना कॅमेरा घेऊन यायचं, एवढीच अट. कॉफी घरची: दूध जास्त, साखर सढळ आणि वरून जायफळ किसलेलं. सोबत भडंग. भडंगाचे तेलकट हात लेन्सला लागू नयेत म्हणून पलीकडच्या खुर्चीवर एक नॅपकिन ठेवलेला असतो, आणि तो कुणी वापरत नाही यावरून वहिनी दर रविवारी बोलतात.

फोटोबद्दल इथं फारसं बोलणं होत नाही. बोलणं होतं ते शटर, स्प्रिंग, ग्रीस, फोम आणि बुरशीबद्दल. ऐकणाऱ्याला वाटावं, मोटारसायकलचं गॅरेज आहे. पण या मंडळींचं म्हणणं साधं आहे आणि आम्हाला ते पटलं. जुना कॅमेरा वापरून खराब होतो त्यापेक्षा कपाटात ठेवून जास्त खराब होतो.

यशिकाचंच घ्या. शटरचे वेग एक सेकंदापासून पाचशेव्या भागापर्यंत. जलद वेग स्प्रिंगच्या जोरावर चालतात. सावकाश वेगांसाठी आत घड्याळासारखी दातेरी चाकं आहेत, आणि वर्षानुवर्षं न फिरलेल्या चाकांवरचं वंगण घट्ट होत जातं. म्हणून आधी मरतो तो एक सेकंद, मग अर्धा. दर रविवारी सगळे वेग एकदा फिरवायचे, हा इथला रिवाज. सेल्फ टायमरला मात्र हात लावायचा नाही. तो मधेच अडकला की शटरही घेऊन बसतो.

(दृश्य: जुना लग्नाचा अल्बम. चौकोनी काळे-पांढरे फोटो, फोटोंमध्ये जाळीचा कागद.)

यशिका 124 जी 1970 साली बाजारात आला आणि 1986 पर्यंत बनत होता. ज्यांच्या घरी त्या काळातल्या लग्नाचे चौकोनी फोटो आहेत, त्यांनी हा कॅमेरा न पाहताही त्याचं काम पाहिलेलं असू शकतं. 120 च्या एका रोलमध्ये 12 फोटो. मंडळातले एक काका तेव्हा स्टुडिओ चालवायचे. ते सांगतात, बारा फोटोंत लग्न बसवायचं म्हणजे हिशेब आला: अंतरपाट, हार, सप्तपदी, दोन्हीकडची मंडळी. आणि एक फोटो कायम शिल्लक ठेवायचा, रुसलेल्या मामासाठी.

(दृश्य: लेन्स उजेडाकडं धरलेली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे.)

ही बुरशी. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात ती लेन्सच्या आत धरते, काचेवरच्या धुळीवर वाढते आणि तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. डाग पुसता येतो, खाल्लेला लेप परत येत नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे कॅमेऱ्याचं ते सुंदर चामड्याचं कव्हर. चामडं ओल धरून ठेवतं. कव्हर भिंतीवर टांगा, कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा आणि अधूनमधून त्याला ऊन दाखवा.

सांगलीत ओल ही एवढीच गोष्ट नाही. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. गावभागात राहणाऱ्या एका सदस्याचा झेनिट कॅमेरा तेव्हा तळमजल्याच्या कपाटात होता. कॅमेरा पाण्यानं तेवढा जात नाही, गाळानं जातो. मैद्यासारखा बारीक गाळ शटरच्या पडद्यांत बसला की प्रत्येक भाग सुटा करूनच काढावा लागतो. आता पावसाळ्यात पुलापाशी पाणी 35 फुटांवर गेल्याचं कळलं की या घरात आधी कॅमेरे माळ्यावर जातात, मग धान्य. हा क्रम वहिनींना मान्य नाही.

(दृश्य: तळहातावर चपटा सेल. त्यावरचं रंगीत स्टिकर.)

आता हा सेल बघा. यशिकाच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पाऱ्यावर बंदी आली, सेल गेला. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, आणि तो उतरत जातो तसं मीटर चुकत जातं. उपाय निघाला तो घरमालकांच्या वडिलांच्या कानातून. त्यांच्या श्रवणयंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल 1.4 व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. आकारानं लहान पडतो, म्हणून भोवती नळाच्या दुकानातला रबरी वॉशर बसवायचा. स्टिकर काढलं की सेल हवेवर चालू होतो, आणि मग वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतोच.

आजोबा नव्वदीला आलेले आहेत. पाकिटातला एक सेल कमी दिसला की विचारतात, "आज कॅमेऱ्याला ऐकू येईना का?"

(दृश्य: झेनिट ई, शेजारी आताचा, आत आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा. तरुणी लेन्स फिरवून बसवते.)

झेनिट ई हा सोव्हिएत कॅमेरा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला, वजनदार, दणकट, आणि चेहऱ्यानं जरा रागीट. याच्या मीटरला सेल लागत नाही, सेलेनियमची पट्टी उजेडावरच वीज करते. पण लोक त्याच्या मागं लागतात ते लेन्ससाठी: हेलिओस 44-2, 58 मिलिमीटर, एफ 2. मागं झाडी असली तर पानांमधले उजेडाचे ठिपके गोल फिरल्यासारखे दिसतात.

मंडळातली सगळ्यात लहान सदस्य सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि हीच लेन्स आपल्या सोनी कॅमेऱ्यावर लावते. तिचं गणित ऐकण्यासारखं आहे. झेनिटमध्ये लेन्सच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर 45.46 मिलिमीटर. मिररलेस सोनीत तेच अंतर 18. मधे साधारण साडेसत्तावीस मिलिमीटरची पोकळ रिंग टाकली की लेन्स आपल्या जुन्याच जागी उभी राहते. एकही काच नको. हीच लेन्स निकॉनच्या आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर लावली तर दूरचं धूसर, कारण तिथं अंतर मुळातच 46.5. एक मिलिमीटर जास्त, आणि अख्खा दंडोबाचा डोंगर फोकसच्या बाहेर!

स्टुडिओवाल्या काकांना हे सगळं पटतं, फक्त रोल न टाकता काढलेला फोटो पटत नाही. तो वाद आम्ही इथं दाखवत नाही, फार लांबतो.

(दृश्य: आग्फा क्लिक थ्री. पाठीवरची लाल खिडकी.)

रोल टाकलेला कॅमेरा आहे शाळेतल्या बाईंचा. आग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनलेला. ऊन आणि ढग अशी चित्रं असलेली खूण सरकवायची, दाबायचं, संपलं. तेव्हा रोल धुवायला स्टुडिओत टाकायचा आणि कॉपी यायची वाट बघायची. आता आसपास ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणारं कुणी उरलं नाही. म्हणून इथं कॉफीला दुसरं काम लागलं.

(दृश्य: मोरी. बादलीत बर्फ. मापाच्या भांड्यात गडद तपकिरी द्रव.)

कॉफीत फिल्म धुता येते. 1995 साली अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे करून दाखवलं. लिटरभर पाण्याला धुण्याचा सोडा 54 ग्रॅम, व्हिटॅमिन सी 16 ग्रॅम, इन्स्टंट कॉफी 40 ग्रॅम. काम कॅफिन करत नाही, कॉफीतलं कॅफेइक आम्ल करतं, त्यामुळं कॅफिन काढलेली कॉफीही चालते. चिकोरी मिसळलेली मात्र नको. कॉफी स्वस्तातली घ्यावी, महागडी इथं वाया जाते. पाण्याचं तापमान 20 अंश, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटके देतं, म्हणून बर्फ. पंधरा मिनिटं फिल्मचा बंद डबा हलवत राहायचं. शेवटी चित्र पक्कं करायला हायपो लागतोच, त्याला स्वयंपाकघरात पर्याय नाही.

वास कॉफीचा येत नाही. ओल्या गवताचा, सडक्या भाजीचा, असा काहीतरी येतो. स्वयंपाकघरातून हा उद्योग मोरीत हलवला गेला तो याच कारणानं.

(दृश्य: दोरीवर चिमट्यांनी लावलेली निगेटिव्हची पट्टी. मागं ऊन.)

बाईंचा रोल निघाला. फिल्मवर कॉफीची तपकिरी झाक आहे, पण चित्र स्वच्छ. आयर्विन पूल आहे, हरिपूरचा संगम आहे, आणि याच व्हरांड्यातल्या दोन फ्रेम. निगेटिव्हवर पांढरे केस काळे आणि काळे केस पांढरे, त्यामुळं कोण कोण आहे यावर पुन्हा वाद. स्टुडिओवाले काका पट्टी उजेडाला धरतात. पोटापाण्यासाठी आयुष्यभर निगेटिव्ह वाचलेला माणूस, त्यांना पॉझिटिव्ह लागत नाही.

"वहिनींचे डोळे मिटलेत," ते सांगतात.

"मग परत काढा की," आतून आवाज येतो. "पण ही घाण माझ्या मोरीत पुन्हा करायची असेल, तर मिटलेलेच बरे."