एका परातीभोवती

पडदा उजळण्याआधी कानावर पडतो तो मुसळाचा ठोका. एका अखंड लाकडातून कोरलेल्या, गुडघ्याहून उंच उखळात दोन बायका आळीपाळीने मुसळ घालत आहेत आणि दोघींचे हात एकदाही एकमेकींच्या आड येत नाहीत. उखळात बाजरी आहे. तरीही हे सोलापूर नव्हे आणि बीडही नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशात, काओलाक शहराच्या पूर्वेला, भुईमूग आणि बाजरी या दोन पिकांवर जगणारे हे वोलोफ भाषकांचे खेडे आहे. जून ते ऑक्टोबर एवढाच पावसाचा काळ, आणि त्यात शेतातून जे घरी येईल त्यावर पुढचे वर्ष काढायचे, हा इथला हिशेब आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बाजूला तिसरे मुसळ घेऊन उभी असलेली तरुणी अमेरिकेच्या पीस कोअर या संस्थेची स्वयंसेविका आहे. तिच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी बांधलेली चिंधी पाहा. तिथला फोड काल फुटला आणि ही चिंधी घरातल्या आईने आपल्या जुन्या वस्त्राची कड फाडून बांधली आहे. आज ठोका द्यायची परवानगी तिला नाही, पण मुसळ हातातून खाली ठेवायलाही ती तयार नाही.

पीस कोअरची स्थापना राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आदेशाने 1 मार्च 1961 रोजी झाली आणि 1963 पासून तिचे स्वयंसेवक सेनेगलमध्ये येत आहेत. आपल्या देशातही ते 1961 पासून 1976 पर्यंत होते. एकूण मुदत साधारण 27 महिन्यांची असते. त्यांपैकी सुरुवातीचे सुमारे तीन महिने प्रशिक्षणात जातात आणि त्या काळातही स्वयंसेवक आसपासच्या वस्त्यांतील कुटुंबांत राहून भाषा शिकतो. पुढची दोन वर्षे नेमून दिलेल्या गावात, बहुधा एखाद्या कुटुंबाच्या आवारात काढायची असतात. कागदावर हे सगळे स्वयंसेवकाच्या बाजूने मांडलेले असते. तो गावात रुळतो, तो जुळवून घेतो, असे म्हटले जाते. आम्ही या अंगणात जे पाहिले, त्यात रुळवण्याचे कष्ट घर घेत होते, आणि म्हणून हा माहितीपट मुख्यतः त्या घराविषयी आहे.

घराने पहिले काम केले ते नाव ठेवण्याचे. आल्या दिवशी, अंगणातल्या कडुनिंबाखाली चटया अंथरून, घरातल्या थोरल्या आजीचे नाव आणि घराचे आडनाव, न्दियाय, तिला देण्यात आले. हे नाव शोभेचे नाही. ज्या व्यक्तीचे नाव आपल्याला मिळाले, तिच्याशी इथे आयुष्यभराचे नाते जुळते. आता ही आजी तिला हाक मारते तेव्हा स्वतःचेच नाव उच्चारते आणि दोघी हसतात. आडनावालाही इथे स्वतंत्र मान आहे. रस्त्यात भेटणारा माणूस समोरच्याचे आडनाव दोन-तीनदा उच्चारून त्याच्या घराण्याचा आदर करतो. न्दियाय आणि जोप या आडनावांमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे नाते आहे. पलीकडच्या वाटेने येणारे हे वृद्ध गृहस्थ जोप आहेत. ‘न्दियाय लोक भात फार खातात’ असे त्यांनी तिला पहिल्याच भेटीत सुनावले, आणि तिने मोडक्या वोलोफमध्ये तोच आरोप त्यांच्यावर उलटवला, तेव्हा वाटेवरची माणसे थांबून टाळ्या वाजवू लागली.

विहिरीकडे जाणारी ही वाट जेमतेम तीनशे पावलांची आहे. ती चालायला तिला सकाळी अर्धा तास लागतो, कारण वाटेवरच्या प्रत्येक दाराशी थांबून विचारपूस करावी लागते. ‘जाम न्गा फनान?’ म्हणजे रात्र शांततेत गेली का? ‘जाम रेक’, म्हणजे शांतताच आहे. मग घरच्या माणसांची चौकशी, आणि ती आहेत, ठीक आहेत, हे उत्तर. दहा वाक्यांची ही देवघेव टाळून थेट कामाचे बोलणे इथे असभ्यपणाचे समजले जाते. तिने शिकलेली पहिली भाषा ही आहे, आणि ती तिला वर्गाइतकीच या दारांनीही शिकवली. चूक झाली की दारातली बाई पुढे जाऊ देत नसे. तेच वाक्य नीट म्हणवून घेई आणि मगच पुढचा प्रश्न विचारी.

विहिरीवर ट्यूबच्या रबरापासून केलेला पोहरा कप्पीवरून वर येतो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याने भरलेले घमेले, आणि पाण्यावर तरंगणारी पानांची एक डहाळी, म्हणजे हिंदकळणारे पाणी काठाबाहेर जात नाही. ही डहाळी ठेवणारा हात घरातल्या बारा वर्षांच्या मुलीचा आहे. पहिल्या महिन्यात पाहुणीच्या घमेल्यातले अर्धे पाणी तिच्या खांद्यांवर सांडत असे. ही मुलगी मागे मागे चालत असे, पण तिने घमेले स्वतःच्या डोक्यावर कधी घेतले नाही.

सुरुवातीच्या दिवसांत एक प्रसंग घडला होता. भाषेने थकलेली ती एका दुपारी आपल्या खोलीत दार लावून पुस्तक वाचत बसली. तिच्या दृष्टीने तो विसावा होता. इथे दिवसा दार लावून एकटे बसणारा माणूस आजारी असतो, नाही तर रुसलेला असतो. आधी मुलांनी दार वाजवले, मग आजीने, आणि शेवटी आई वाफाळत्या पेजेची वाटी घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. ती आता वाचते, पण अंगणात, सगळ्यांच्या देखत, चटईवर.

दुपारी परात मधोमध येते. मासे, भाज्या आणि तांदूळ यांचा चेबु जेन हा पदार्थ 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. या अंगणात तो रोज होत नाही. बाजरीचे वाफवलेले दाणे आणि शेंगदाण्याचा किंवा पाल्याचा रस्सा हे इथले नेहमीचे जेवण आहे. सात माणसे, एक परात, उजवे हात. प्रत्येकाने आपल्यासमोरचाच भाग खायचा. आता आईची बोटे पाहा. ती मासा मोडते, काटा बाजूला काढते आणि एकेक तुकडा इतरांच्या वाट्यात सरकवत जाते. स्वयंसेविकेसमोर पडलेला तुकडा मोठा आहे. पहिल्या महिन्यांत ती तो परत ढकलत असे आणि आई तो पुन्हा पुढे सारत असे. आता ती तो घेते, त्यातला अर्धा शेजारच्या लहानग्यापुढे ठेवते, आणि आई त्याला हरकत घेत नाही.

जेवणानंतर निखाऱ्यावर लहानशी किटली चढते. हिरवा चहा, साखर, पुदिना. एका ग्लासातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस आणायचा आणि तीन फेऱ्या प्यायच्या. पहिली कडू, आणि पुढची प्रत्येक अधिक गोड. तिन्ही फेऱ्यांना दोन तास सहज जातात आणि गावातले बहुतेक निर्णय याच दोन तासांत होतात. शेवग्याचे वाफे कुणाच्या कुंपणात करायचे, हेही इथेच ठरले.

ते वाफे झाले, पाने सुकवून भुकटीही झाली, आणि आता ते काम गावातल्या बायका पाहतात.

शेवटचे चित्रण पहाटेचे आहे. डांबरी रस्त्यापर्यंत नेणारी घोडागाडी दाराशी उभी आहे. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याशी इथे डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. डावा हात पुढे करणे एरवी चुकीचे असते, आणि केलेली चूक सुधारायला माणसाला परत यावे लागते. आजी पुढे येते. तिने डावा हात पुढे केला आहे.