प्रोजेक्टची जागा: बडोद्यातल्या मुलांसाठी

(दृश्य: सकाळ, आर्ट्स फॅकल्टीचा घुमट)

रॉबर्ट चिझम यांनी आराखडा केलेली ही बडोदा कॉलेजची इमारत. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कॉलेज त्यात सामावलं. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली कितीतरी मराठी मुलं इथंच शिकतात आणि पदवी मिळाली की नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतात. ज्या प्रयोगशाळेत शिकलो तिथंच पगारी काम असतं, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

(दृश्य: कलाभवन, दगडी कमानी, मग वर्कशॉप)

सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि ते रसायनशास्त्राच्या त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवलं. सुतारकाम, कापडाची रंगाई, यंत्रकाम, चित्रकला, सगळं एका छपराखाली. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. आज टेक्नॉलॉजी फॅकल्टी इथं आहे. आणि लेथवर चाललेले हे हात बघा. प्रयोगाला लागणारा सुटा भाग बाजारात मिळत नाही, तेव्हा तो इथं घडतो. संशोधनात या हातांचा वाटा प्रबंध लिहिणाऱ्याइतकाच आहे.

(दृश्य: विभागाचा नोटीस बोर्ड, टाचणीने लावलेला कागद)

कायम जागांची जाहिरात कुलसचिव कार्यालय काढतं, ती सगळे बघतात. हा कागद मात्र वेगळा. प्राध्यापक संशोधनाचा प्रस्ताव पाठवतात, केंद्राचा विज्ञान किंवा जैवतंत्रज्ञान विभाग तो मंजूर करतो, आणि त्या पैशात माणसांच्या मानधनाचीही तरतूद असते. त्यातून जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असिस्टंट, टेक्निशियन नेमले जातात. कागदावर आधी प्रोजेक्टचा विषय वाचा, मग मुदत, मग पात्रता. नेट किंवा गेट ही देशपातळीवरची परीक्षा पास झाली असेल तर जेआरएफला अर्ज करता येतो. २०२३ च्या जानेवारीपासून त्याचे महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. नेट-गेट नसेल तर असिस्टंटची जागा बघा. मानधन कमी, पण उपकरणं तीच.

जाहिरातीची वाट बघत बसू नका. विभागात जा, पीएचडी करणाऱ्यांना विचारा, कुणाचा प्रोजेक्ट नुकताच मंजूर झालाय. त्या प्राध्यापकांचा एखादा तरी शोधनिबंध वाचून ठेवा. बायोडेटात नुसतं ‘स्पेक्ट्रोफोटोमीटर येतो’ लिहून भागत नाही. कशाचे नमुने तपासले, रीडिंग चुकलं तेव्हा काय केलं, हे मुलाखतीत विचारलं जातं.

(दृश्य: सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या लावणारी मुलगी)

नेमणूक बहुधा वर्षाची. वाढली तरी प्रोजेक्ट संपला की कामही संपतं.

(दृश्य: वस्तीत घरोघर प्रश्नावली भरून घेणारी मुलं)

आणि हे फक्त सायन्सवाल्यांसाठी नाही. समाजशास्त्र, सोशल वर्कच्या प्रोजेक्टना फील्ड इन्व्हेस्टिगेटर लागतात. घरोघर जाऊन गुजरातीत प्रश्न विचारायचे, उत्तरं नीट टिपून घ्यायची. बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलांना हे काम सहज जमेल. त्यांनी सोशल वर्कच्या बोर्डावरही नजर ठेवावी.