बार्शीकडच्या बायकांनी जगाला जे दिलं

(पडद्यावर: सकाळचं बार्शी एसटी स्टँड. फाईल कवटाळून उतरणाऱ्या बायका.)

बार्शी, सोलापूर जिल्हा. शेजारच्या धाराशिवच्या गावांतूनही कॅन्सरचे पेशंट इथेच येतात, नर्गिस दत्त हॉस्पिटलला. आणि यातल्या कितीतरी जणींचा आजार एकच, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर.

माझ्या आत्याला हाच झालेला. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि अचानक परत अंगावरून जायला लागलं, तर ती म्हणाली उष्णता झालीय, धने-जिऱ्याचं पाणी पिऊन बघते, मग सुगी आली, मग भाचीचं लग्न निघालं, असं करत आठ महिने गेले आणि तपासलं तेव्हा तिसरी स्टेज. दुखत नव्हतं ना, म्हणून राहिली.

हा कॅन्सर होतो एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे, आणि तो शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. थोड्याजणींच्यात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे पकडायला पंधरा वर्षं हातात असतात हो, आणि तरी देशात दरवर्षी पाऊण लाखाहून जास्त बायका याने जातात.

पकडता येतं हे दाखवून दिलं ते याच भागाने. १९९९ पासून त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. चार गट. एकाची एचपीव्ही टेस्ट, एकाची पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं, एकाची ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी, आणि चौथ्याची तपासणीच नाही. तपासणी पण आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी बघितलं तर तपासणी न झालेल्या गटात ६४ बायका या कॅन्सरने गेलेल्या आणि एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४. चौथ्या गटावरून पुढे बराच वाद झाला आणि मला तो रास्तच वाटतो, कारण त्या ६४ जणी कुणाच्या तरी आया होत्या.

(पडद्यावर: तपासणीची खोली. हिरवा पडदा, टेबल, टॉर्च.)

ॲसिड म्हटलं की बायका घाबरतात. पण ते म्हणजे पातळ व्हिनेगर. सिस्टर कापसाने पिशवीच्या तोंडाला लावतात, एक मिनिट थांबतात आणि टॉर्च मारून बघतात, पांढरा डाग उठला तर पुढचे उपचार, नाही उठला तर घरी. जरा चुरचुरतं, बस.

आता या व्हायरसवरच्या लसीचं. २००९ मध्ये देशातल्या काही ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या मुलींवर अभ्यास सुरू झाला, त्यात बार्शी होतं, पुणे, मुंबई पण. बघायचं हे होतं की तीनऐवजी दोन डोस पुरतात का. पण २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून गदारोळ झाला, सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींचा एकच डोस होऊन राहिला. सगळ्यांना वाटलं अभ्यास वाया गेला. तरी डॉक्टरांनी या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले, आणि २०२१ मध्ये आकडे आले की एका डोसनेही एचपीव्हीच्या १६ आणि १८ नंबरच्या प्रकारांचं टिकून राहणारं इन्फेक्शन ९५ टक्के टळतं. सत्तर टक्के कॅन्सर या दोन नंबरांमुळेच होतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही लहान वयात एक डोस चालेल म्हणून सांगितलं, आणि त्यामागे या मुलींचाही वाटा आहे.

लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली, संबंध यायच्या आधी. "एवढ्या लहान पोरीला कशाला" असं आया विचारतात, तर कारण हेच. पुण्यात सीरमने बनवलेली सर्व्हाव्हॅक नावाची लस मुलींसारखीच मुलग्यांनाही चालते. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लसीत सगळे व्हायरस येत नाहीत.

निरोधबद्दल घरात कुणी बोलत नाही म्हणून इथे बोलते. त्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण हा व्हायरस कातडीला कातडी लागूनही पसरतो. एचआयव्ही असलेल्या बायकांना धोका सहापट, त्यांनी तपासणी अजिबात टाळू नये. विडी-सिगारेटनेही धोका वाढतो. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरात लगेच संशय सुरू होतो, ते करू नका, हा व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, नवऱ्याकडून कधी आला की लग्नाआधीचा, हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. संबंधानंतर रक्त दिसलं, घाण वासाचं पांढरं जात असेल, पाळी गेल्यावर परत डाग लागला, तर उष्णता म्हणून बसू नका ताई, त्याच आठवड्यात दाखवा.

(पडद्यावर: शाळा सुटलेली, मुली सायकलवरून घरी निघाल्यात.)

२००९ साली दंड पुढे करून बसलेल्या त्या मुली आज तिशीच्या आसपास आहेत. त्यातल्या काहींच्या लेकी आता नऊ-दहा वर्षांच्या झाल्या असतील.