शेवटच्या टिंबापुढची तीन अक्षरं

४ मे २०००, गुरुवार. ऑफिसं उघडली, कंप्युटर सुरू झाले, आणि इनबॉक्समध्ये एक मेल दिसली. विषय होता ‘आय लव्ह यू’. पाठवणारं माणूस ओळखीचं होतं: पलीकडच्या टेबलावरचा सहकारी, जुना ग्राहक, कधी साहेबसुद्धा.

सोबत एक अटॅचमेंट. ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी’. टीएक्सटी म्हणजे नुसता मजकूर, त्याला काय भ्यायचं? पण नाव तिथे संपत नव्हतं. पुढे आणखी एक टिंब होतं आणि त्यानंतर ‘व्हीबीएस’. ओळखीच्या फाइलींची शेवटची अक्षरं विंडोज आपणहून झाकून ठेवतं, त्यामुळे ती बहुतेकांना दिसलीच नाहीत. पत्र म्हणून आलेला तो चक्क प्रोग्रॅम होता.

डबल क्लिक झालं, की आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना तीच मेल तुमच्या नावानं जायची. कंप्युटरवरच्या जेपीजी फोटोंवर तो स्वतःचीच प्रत लिहायचा. बारशाचे, लग्नाचे फोटो... दुसरीकडे ठेवले नसतील तर गेलेच. मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त लागतं ते हेच. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सनं त्या दिवशी मेल बंद ठेवली.

माग निघाला मनिलापर्यंत, ओनेल दे गुझमान या तरुणापर्यंत. पण फिलिपिन्समध्ये तेव्हा असा गुन्हा लावायला कायदाच नव्हता. तो जूनमध्ये आला. आधीच्या कृत्याला लागू झाला नाही. २०२० मध्ये त्यानं कबुली दिली: इंटरनेटचे पासवर्ड चोरायचे होते, कारण स्वतःला इंटरनेट परवडत नव्हतं.

२००० च्या त्या मेलनंतर काही आठवड्यांतच आउटलुकनं अशा फाइली अडवायला सुरुवात केली. जीमेलही ईएक्सई, बॅट, व्हीबीएस अशा प्रोग्रॅमच्या फाइली पाठवू देत नाही. २०१७ पासून जेएससुद्धा नाही. झिप केली तरी आत डोकावून पाहतं.

मग कुणीतरी सुचवतं, “नाव बदलून पाठव, तिकडे पुन्हा बदलतील.” कृपा करून हे करू नका. समोरच्याला आपणच सवय लावतो, अडवलेली फाइल हातानं उघडायची. खरंच पाठवायचीच असेल तर गूगल ड्राइव्हवर ठेवा, लिंक द्या, आणि आधी फोन करून सांगा की पाठवणारा मीच आहे.

[दृश्य: विंडोजचं फोल्डर. ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण होते.]

आता पाहा. मघापर्यंत ही फाइल ‘बिल डॉट पीडीएफ’ होती. आता पूर्ण नाव दिसतंय: ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’.