प्रसाद आणि अक्षरांचा हिशेब

मंडळी, आज अभंग लिहिण्याबद्दल बोलू. लेखन ही देवाची देणगी आहे असं मानणाऱ्यांची एक अडचण होते. ओळ वरून आली म्हटल्यावर तिच्यावर काट मारायला हात धजत नाही. मला हे पटत नाही. प्रसाद हातावर पडला की आपण ओंजळ घट्ट धरतो. ओळीची तेवढी तरी निगा राखायला हवी.

एकनाथांचं उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरी त्यांच्यासाठी पूज्यच होती. तरी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी तिच्या प्रती ताडून अशुद्ध पाठ दुरुस्त केले. वर बजावलं की, यात कुणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं होईल. भक्तीपोटी केलेलं संपादन ते हेच.

आता आपल्या कामाकडे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात: पहिले तीन सहा अक्षरांचे, चौथा चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. इथे मात्रा नव्हे, अक्षरं मोजायची. ऱ्हस्व-दीर्घ सारखंच, अनुस्वाराचं वेगळं अक्षर नाही आणि जोडाक्षर एकच. ‘शब्दांचे’ ही तीन अक्षरं. नवशिका चार मोजतो आणि तिथेच घसरतो. संतांच्या चरणांतही एखादं अक्षर कमी-जास्त सापडतं, पण गाताना ते सांभाळून घेतलं जातं. कागदावर लिहिणाऱ्यानं ती सवलत आधीच घेऊ नये.

समजा, सुचलं ते असं:

शब्दांचे हे दान । आले न मागता । ओंजळ भरता । सांडू लागे ॥

मोजणी बिनचूक आहे, तरी कडवं कच्चं आहे. ‘मागता-भरता’ हे यमक क्रियापदाच्या प्रत्ययावर उभं आहे. असली यमकं पोत्यानं मिळतात. भरून सांडणारी ओंजळही वापरून गुळगुळीत झालेली. पहिला चरण ठेवू, बाकीचे बदलू:

शब्दांचे हे दान । आले अकारण । भरले अंगण । प्राजक्ताने ॥

‘न मागता’ जे सांगत होतं ते ‘अकारण’मध्ये आलं आणि प्राजक्त कुणी हलवला, हे सांगावं लागलं नाही. सुचलेला भाग पहिल्या सहा अक्षरांचा होता. उरलेली सोळा कष्टाची.

सगळ्यात जास्त नासाडी भरतीच्या शब्दांनी होते: ‘गा’, ‘बा’, ‘जाण’, ‘तो हा’. चरणातून असा शब्द काढून बघा. अर्थ जसाच्या तसा राहिला, तर तो निव्वळ मोजणीसाठी बसवलेला होता.

तुकारामांच्या गाथेत बहुधा दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘ध्रु.’, म्हणजे ध्रुपद, अशी खूण दिसते. गाणारा फिरून तिथेच येतो, म्हणून अभंगाचा गाभा तिथे ठेवावा. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद मोठ्यानं म्हणून पाहायचं. जे कडवं त्याला जोडून येत नाही ते, कितीही गोड असलं तरी, दुसऱ्या अभंगाचं असतं.

शेवटी नाममुद्रा, म्हणजे अभंगात गुंफलेलं कवीचं नाव. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ यांत चार अक्षरं जातात, म्हणजे सहाच्या चरणात बोलायला दोनच उरतात. ‘एका जनार्दनी’ तर अख्खा चरण घेते, कारण एकनाथांनी त्यात आपल्या नावाला लागून गुरूंचंही नाव गुंफलं आहे. आपलं नाव पाच अक्षरी असेल आणि त्यासाठी नेमका शब्द काढावा लागत असेल, तर नावच गाळावं.