अकुंत्सू : ओमेरेकाठची भाषा

ब्राझीलच्या पश्चिमेला, बोलिव्हियाच्या सीमेलगत रोंडोनिया हे राज्य आहे. उपग्रहातून पाहिलं तर इथे मैलोन् मैल गुरांची कुरणं दिसतात आणि त्यांत जंगलाचा एक हिरवा तुकडा. हे रिओ ओमेरे आदिवासी क्षेत्र, सुमारे २६ हजार हेक्टरांचं. अकुंत्सू भाषा इथे राहते. ती बोलत लहानाच्या मोठ्या झालेल्या फक्त तीन स्त्रिया उरल्या आहेत.

तुपी भाषाकुळाच्या दहा शाखा मानतात. त्यांतल्या पाच एकट्या रोंडोनियात आहेत, म्हणून या कुळाचं मूळ याच भागात असावं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. अकुंत्सू त्यांतल्या तुपारी शाखेची.

१९८०च्या दशकात बीआर-३६४ महामार्ग पक्का झाला आणि मागोमाग जमीनदार, लाकूडतोडे, गुरं आली. जंगलात आदिवासी राहतात हे सिद्ध झालं की जमिनीवरचा दावा अडायचा. मग माणसंच संपवली गेली. १९९५मध्ये फुनाई या सरकारी आदिवासी संस्थेचं पथक पोहोचलं, तेव्हा अकुंत्सू जमातीचे सातजण जिवंत होते. त्यांचे प्रमुख कोनिबू यांच्या अंगावर गोळीचे व्रण होते. या हत्याकांडासाठी कुणालाही शिक्षा झालेली नाही. ही भाषा काळाच्या ओघात मागे पडली असं कुणी म्हणालं, तर ते साफ खोटं आहे.

या सातांपैकी कुणालाही पोर्तुगीज येत नव्हतं. शेजारच्या कानोए लोकांची भाषा तर कुठल्याच ज्ञात कुळात बसत नाही. भाषावैज्ञानिक कारोलिना आरागों इथे आल्या, तेव्हा मधे दुभाषा नव्हता. बोट दाखवून मक्याचं नाव विचारता येतं. पण ‘पाऊस आला असता तर आम्ही गेलो नसतो’ हे कसं म्हणतात, ते कसं विचारणार? तसं वाक्य कुणीतरी आपणहून बोलेपर्यंत सोबत राहायचं, ऐकत राहायचं. अशा कामातून उभं राहिलेलं अकुंत्सूचं व्याकरण २०१४मध्ये हवाई विद्यापीठात प्रबंध म्हणून सादर झालं.

जमिनीला कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळालं २००६मध्ये. तोवर सातातली धाकटी मुलगी वादळात झाड कोसळून गेली होती. २०१६मध्ये कोनिबूही गेले. ते जमातीचे भगत होते. आजारी माणसाशी आणि जंगलातल्या शक्तींशी ते ज्या भाषेत बोलत, ती पुढे चालवणारा भगत आता अकुंत्सूंमध्ये नाही.